रोज चालवायची मस्टँग जीटी, बेताच्या खर्चात सुधारणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो आणि २०१६ ची फोर्ड मस्टँग जीटी रोज कामावर नेतो. पाच लिटरचं कोयोटी व्ही-एट इंजिन, सहा गियरचं मॅन्युअल, परफॉर्मन्स पॅकेज (कंपनीचीच रुंद चाकं आणि मोठे ब्रेक) नसलेली, सेकंडहँड घेतलेली. गणपतीत शाळेच्या हॉलबाहेर उभी केली की आरती संपल्यावर प्रसादाची वाटी हातात घेऊन चार-पाच जण तिच्याभोवती जमतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. किमती मी स्वतः मोजलेल्या किंवा दुकानात विचारलेल्या आहेत. तुमच्याकडे पन्नास-शंभर डॉलर इकडचे तिकडे होतील.

४३५ हॉर्सपॉवर कमी पडते का रे?

नाही पडत. २०१५ ते १७ च्या जीटीला कागदावर ४३५ हॉर्सपॉवर आणि ४०० पाउंड-फूट टॉर्क आहे. पहिल्या गियरमध्ये ती पंचेचाळीस मैलांपर्यंत जाते आणि दुसऱ्यात सत्तरपर्यंत. म्हणजे आय-९६ वर चढताना तिसरा गियर टाकायच्या आतच तुम्ही वेगमर्यादेला टेकलेले असता. रोजच्या रस्त्यावर यातली निम्मी ताकदही वापरली जात नाही.

कमी पडतं ते दुसरंच काही. ताकद रस्त्यापर्यंत पोचत नाही, क्लच कुठे पकडतो ते पायाला कळत नाही, गियर लागला की नाही याची हाताला खात्री नसते, आणि जोरात निघालं की मागचा भाग थडथड उडतो. माझे बहुतेक पैसे या चार गोष्टींवर गेले. पॉवरवर शेवटी गेले, आणि तेही थोडेच.

हे सगळं माझ्या चॅलेंजरला किंवा कॅमॅरोला लागू आहे का?

टायर, ब्रेक, ट्यून (इंजिनच्या संगणकातले बदल), कायदा, विमा हे सगळं लागू. क्लचची स्प्रिंग आणि मागच्या क्रेडलचं, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या सांगाड्याचं, प्रकरण मस्टँगचंच. (मस्टँग ही मसल कार नव्हे, पोनी कार, असं सांगणारा एक जण प्रत्येक घोळक्यात असतो. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ खरी मसल कार, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्याला प्रसाद द्यावा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावं.)

पहिले पाचशे डॉलर कुठे घालू?

आधी गाडी मुळात जशी होती तशी करा. सेकंडहँड गाडी ‘मंद वाटते’ म्हणून लोक थेट इन्टेकची, म्हणजे इंजिनला हवा पुरवणाऱ्या नव्या नळीची, ऑर्डर देतात. माझ्या एका मित्राची गाडी अशीच मंद होती. एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत अक्रोडाची टरफलं आणि इन्सुलेशनच्या कापसाचं घरटं! हिवाळाभर गॅरेजमध्ये उंदराने संसार थाटला होता. वीस-बावीस डॉलरचा कागदी फिल्टर बसवला आणि त्याला मिळालेली ‘पॉवर’ आजही तो सगळ्यांना सांगतो.

तेव्हा फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेकचं तेल, डिफरन्शियलचं तेल यांचा हिशोब आधी लावा. इंजिनात आठ क्वार्ट ५-डब्ल्यू-२० तेल लागतं. पाच क्वार्टची एक कॅन आणून ‘झालं’ म्हणणारे पाहिलेत, म्हणून मुद्दाम लिहितोय. मग टायरवरचा तारखेचा आकडा बघा. बाजूच्या भिंतीवर डॉट अक्षरांनंतर शेवटचे चार अंक असतात. २३१७ असेल तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसू दे, एवढं जुनं रबर कडक झालेलं असतं आणि त्याच्यावर दुसरी कुठलीही सुधारणा उभी राहत नाही.

एकच गोष्ट करायची असेल तर?

टायर. दुसरं उत्तरच नाही.

साध्या जीटीला कंपनीतून १८ इंची चाकांवर २३५ रुंदीचे ऑल-सीझन टायर येतात. बरी फॅमिली सेडानही एवढ्याच रुंदीच्या टायरवर धावते, आणि इथे त्यांच्यावर सतराशे किलोची गाडी आणि चारशे पाउंड-फूट टॉर्क. गाडी घेतली त्या ऑक्टोबरात नोव्हाय रोडवर डावीकडे वळत होतो. पाऊस नुकताच थांबलेला, मेपलची पिवळी पानं डांबराला चिकटलेली, सिग्नल पिवळा झाला म्हणून मी जरासं जास्त दाबलं. ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा दिवाळीच्या माळेसारखा लुकलुकायला लागला आणि मागची बाजू शांतपणे शेजारच्या लेनकडे निघाली. दीड-दोन फूटच सरकली असेल. पण त्या शनिवारी मी टायर शोधायला बसलो.

यात एक स्वस्त मार्ग आहे. परफॉर्मन्स पॅकेजच्या गाड्यांना १९ इंची चाकं येतात, पुढे ९ इंच रुंद आणि मागे साडेनऊ, त्यांवर पुढे २५५ आणि मागे २७५ चे टायर. बरेच जण नवी गाडी घरी आली की आधी ही चाकं काढून बाजारातली झगमगीत चाकं लावतात आणि मूळची विकायला काढतात. मला चार चाकं सहाशे डॉलरला मिळाली. एका चाकाच्या कडेला फुटपाथला घासल्याची खूण होती, ती दाखवून पन्नास कमी करून घेतले. त्यांवर चांगले समर टायर ९८० मध्ये बसवले. टायरमधल्या हवेच्या दाबाचे सेन्सर जुने होते, पण चालले.

फरक किती? कोरड्या रस्त्यावर पूर्वी दुसऱ्या गियरमध्ये दिवा लागायचा, आता पाऊस नसेल तर लागत नाही. ब्रेक तेच, पण गाडी लवकर थांबते, कारण थांबवण्याचं शेवटचं काम रबरच करतं. इतर कुठल्याही खर्चातून निघताना, वळताना आणि थांबताना असा तिन्ही वेळा परतावा मला मिळालेला नाही.

आणि बर्फात काय? मागच्या चाकांवर चालणारी गाडी मिशिगनच्या हिवाळ्यात?

चालते. पण समर टायरवर नाही. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली समर टायरचं रबर कडक व्हायला लागतं, आणि कडाक्याच्या थंडीत नुसतं हलवलं तरी त्याला चिरा पडू शकतात. म्हणून जुनी १८ इंची चाकं विकू नका. त्यांच्यावर मूळ मापाचे विंटर टायर चढवा. मला ६४० डॉलर लागले. बर्फात अरुंद टायर उलट बरा. थँक्सगिव्हिंगच्या आधी चाकं बदलायची, एप्रिलमध्ये पुन्हा बदलायची. मोठे ब्रेंबो ब्रेक असतील तर १८ इंची चाक कॅलिपरला अडतं, तेव्हा विकत घ्यायच्या आधी एक चाक लावून बघा.

चाकांच्या नटांचा टॉर्क १५० पाउंड-फूट आहे. जुन्या सवयीने शंभरवर थांबू नका, आणि पन्नास-शंभर मैलांनी परत एकदा पाना लावा. वर पत्र्याची चकचकीत टोपी असलेले दोन तुकड्यांचे नट असतील तर एकसंध पोलादी नट घ्या, पंचेचाळीस डॉलर. टोपीच्या आत गंज शिरला की ती फुगते आणि पाना बसत नाही. हे हायवेच्या कडेला, उणे दहा अंशांत, पंक्चर झाल्यावर कळतं.

डिकीत वाळूच्या पिशव्या टाकायचा सल्ला हमखास मिळेल. टाका, पण विंटर टायरऐवजी नको.

गियर अडकल्यासारखा वाटतो. गियरबॉक्सच खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. या गाड्यांत गियरचा दांडा थेट गियरबॉक्सवर बसलेला नसतो. तो मागच्या बाजूला एका कंसाने गाडीच्या बॉडीला धरलेला असतो आणि त्या कंसात मऊ रबर असतं. जोर लावला की इंजिन-गियरबॉक्स एकीकडे हलतं, दांड्याचं बूड दुसरीकडे, आणि दुसऱ्याचा तिसरा करताना हात गेट चाचपडत राहतो. कडक बुश असलेला कंस १३० डॉलरला येतो. गाडीखाली शिरून तासाभराचं काम. नंतर गियरबॉक्सची थोडी घरघर आत ऐकू येते, त्याची सवय होते.

पण त्याहून मोठा फरक चाळीस डॉलरच्या एका स्प्रिंगने पडतो. क्लचच्या पेडलमागे मदतीची एक जाड स्प्रिंग असते. पेडल अर्ध्यावर गेलं की ती पुढचा प्रवास हलका करते, म्हणून ट्रॅफिकमध्ये पाय दुखत नाही. पण परत येताना तीच स्प्रिंग पेडलला खाली धरून ठेवू पाहते, आणि क्लच नेमका कुठे पकडतो ते पायाला कळेनासं होतं. तिच्या जागी कमी ताकदीची स्प्रिंग घातली की पेडल पायासोबत वर येतं.

काम सोपं, जागा भयंकर. सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ दाराच्या उंबऱ्यावर, डोकं पेडलांखाली, पाय डोअरमधून बाहेर. दातांत टॉर्च. जुनी स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते, ती सुटली तेव्हा माझ्या चष्म्यावर आपटून डॅशबोर्डच्या आत कुठेतरी गेली. डोळ्यांवर सेफ्टी गॉगल घाला. शेजारचे अमेरिकन आजोबा कुत्रा फिरवताना थांबले आणि माझ्या पायांना उद्देशून म्हणाले, सगळं ठीक ना? ठीक होतं. दुसऱ्या दिवशी साउथफील्ड फ्रीवेवरच्या गर्दीत पहिल्यांदाच गाडी एकदाही आचका न देता डिअरबॉर्नला पोचली.

जोरात निघताना मागून धाड-धाड-धाड आवाज येतो, तो काय?

त्याला व्हील हॉप म्हणतात. २०१५ पासून सगळ्याच मस्टँगना मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं आणि तो सगळा सांगाडा, म्हणजे क्रेडल, चार जागी जाड रबरी बुशांवर बॉडीला टांगला. आवाज कमी यावा म्हणून रबर मऊ, रबरात पोकळ्या. टायर पकड घेतो, सोडतो, पुन्हा घेतो. प्रत्येक वेळी क्रेडल मागेपुढे झोके खातं आणि टायरच्या त्या उड्या आणखी वाढतात. बराच वेळ तसंच दाबून धरलं तर हाफशाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा, तुटू शकतो.

त्या पोकळ्या भरून काढणारे आणि क्रेडलला बॉडीशी घट्ट धरणारे धातूचे तुकडे मिळतात, ‘क्रेडल लॉकआउट’ या नावाने. ११० डॉलर. एका वेळी एकच बोल्ट सोडायचा, तुकडा बसवायचा, बोल्ट परत आवळायचा, मग पुढचा. चारही एकदम सोडले तर क्रेडल खाली येईल. आवाजात मला काही फरक जाणवला नाही. नव्या टायरनंतर हे जवळपास सक्तीचंच समजा, कारण पकड वाढली की हॉपही वाढतो.

गाडी थोडी खाली घेऊ का? दिसते भारी.

दिसते. मी घेतली होती. दीड इंच खाली करणाऱ्या स्प्रिंग, मूळ शॉक तसेच ठेवून, एका दुकानात बसवून घेतल्या. अलाइनमेंट ‘जवळपास बरोबर’ आहे म्हणून त्यांनी कागद दिला नाही आणि मीही मागितला नाही. मार्चमध्ये इथे बर्फ वितळतो आणि रस्त्यांना असे खड्डे पडतात की मुंबईकरालाही घरी आल्यासारखं वाटावं. पहिल्या महिन्यात पुढच्या बंपरखालची प्लास्टिकची पट्टी गेली, दुसऱ्यात एका चाकाची कड वाकली, आणि उन्हाळ्यापर्यंत मागच्या टायरांची आतली बाजू तारेपर्यंत घासली गेली. स्प्रिंग पुन्हा मूळच्या बसवल्या. तो खर्च खालच्या हिशोबात धरलेला नाही, तो मी विसरायचा प्रयत्न करतोय.

ज्यांच्याकडे रस्ते बरे आहेत त्यांनी जास्तीत जास्त इंचभर घ्यावी, त्या स्प्रिंगना जुळणारे शॉक घ्यावेत, आणि अलाइनमेंटचा छापील कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नुसती नीट अलाइनमेंट मूळ उंचीवरही करून घेण्यासारखी आहे. मला १३० डॉलर पडले आणि स्टिअरिंग सरळ झालं.

ब्रेक मोठे बसवायचे का?

नको. जीटीचे साधे ब्रेकही पुढे चार पिस्टनचे आहेत. त्यात बऱ्यापैकी पॅड आणि ताजं डॉट ४ तेल घाला, १९० डॉलरमध्ये काम होतं. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, त्याने उकळण्याचं तापमान घसरतं. दोन वर्षांनी बदलायचंच. नवे पॅड बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर साठवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, मग पाच-दहा मैल ब्रेक न लावता थंड करा. ही पायरी लोक गाळतात आणि मग पॅड करकरतात म्हणून तक्रार करतात.

मिठाच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांच्या मागच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम होतात. दरवर्षी काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावा.

कोल्ड एअर इन्टेकने किती हॉर्सपॉवर वाढते?

जाहिरातीत छापतात तेवढी नाही. ट्यून न करता बसवला तर डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) पाच-दहा दिसली तर दिसली, रस्त्यावर काहीच कळत नाही. आवाज मात्र छान येतो, आणि आवाज वाढला की गाडी पळते असं वाटतं. एअरफ्लो सेन्सरची नळी मूळपेक्षा रुंद असलेला इन्टेक ट्यूनशिवाय अजिबात लावू नका. इंजिन हवेचं माप चुकवतं आणि मिश्रण बिघडतं. साडेतीनशे-चारशे डॉलरचा आवाज हवा असेल तर जरूर घ्या, मी घेतलेला नाही.

मग एक्झॉस्ट?

मागच्या अॅक्सलच्याही मागचे फक्त मफलर बदलले की हातात येतो तो आवाज. पॉवर नाही. सहाशे-आठशे डॉलरला मिळतात. सकाळी साडेसहाला सबडिव्हिजनमधून निघणाऱ्याने आधी शेजाऱ्यांचा विचार करावा, मग फ्रीवेवर दीड-दोन हजार आरपीएमला डोक्यात घुमणाऱ्या गुणगुणीचा. विकत घेण्याआधी कुणाच्या तरी तशा गाडीत बसून पंधरा-वीस मैल जा. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे हौशी गाड्यांची मिरवणूक, असते, १९९५ पासून चालू आहे. खुर्ची टाकून वुडवर्ड अॅव्हेन्यूच्या कडेला बसलात तर दिवसभरात बाजारातला प्रत्येक मफलर फुकटात ऐकून होईल.

ट्यून म्हणजे काय करतात, आणि करावा का?

इंजिनच्या संगणकात इग्निशनची वेळ, इंधनाचं प्रमाण, कॅमचे कोन, थ्रॉटल किती झपाट्याने उघडायचं याचे तक्ते असतात. कंपनीने ते कुठल्याही हवेत, कुठल्याही पंपावरच्या पेट्रोलवर, निष्काळजी मालकाच्या हातात टिकतील असे बेतलेले असतात. ट्यून करणारा ते तक्ते ९३ ऑक्टेन गृहीत धरून घट्ट करतो. हातात धरायचं यंत्र आणि त्यातली फाइल मिळून मला साडेपाचशे डॉलर पडले, सगळ्यात शेवटी केलं.

मूळ गाडी डायनोवर चाकांपाशी साधारण ३७० ते ३८० हॉर्सपॉवर देते. उरलेली गियरबॉक्स आणि डिफरन्शियल खातात. नुसत्या ट्यूनने यात फार मोठा आकडा वाढत नाही. मला आवडलं ते वेगळंच: अॅक्सिलरेटर जेवढा दाबतो तेवढंच उघडतो आणि गियर बदलताना आरपीएम लोंबकळत राहत नाहीत. रोज चालवणाऱ्याला हीच मोठी कमाई.

अट एकच. ९३ चा ट्यून केलात की ९३ च भरायचं. कॅलिफोर्नियात पंपावर ९१ च मिळतं, तिथल्या मंडळींनी ९१ ची फाइल मागून घ्यावी. ट्यून न करताही या इंजिनला ८७ चालतं, पण ४३५ चा आकडा ९३ वरचा आहे. ८७ भरलं की नॉक सेन्सरचं (इंधन अवेळी पेटल्याची ठोक ओळखणाऱ्या सेन्सरचं) ऐकून संगणक इग्निशन मागे घेतो आणि तुम्ही विकत घेतलेली पॉवर पंपावरच सोडून येता.

ई-८५ (इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) स्वस्त आहे आणि पॉवरही देतं म्हणतात?

दोन्ही खरं, पण रोजच्या गाडीला मी लावणार नाही. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून इंधन तीसेक टक्के जास्त जाळावं लागतं आणि त्यासाठी २०१५-१७ च्या गाडीला मोठे इंजेक्टर लागतात. शिवाय नाव ८५ असलं तरी इथेनॉलचं प्रमाण ५१ ते ८३ टक्क्यांत कुठेही असू शकतं, हिवाळ्यात गाडी थंडीत सुरू व्हावी म्हणून मुद्दाम कमी ठेवतात. म्हणजे मिशिगनमध्ये नोव्हेंबर आणि जूनचं ई-८५ ही दोन वेगळी इंधनं. इथेनॉलचं प्रमाण मोजणारा फ्लेक्स सेन्सर लावून हे सांभाळता येतं, पण तिथे ‘बेताचा खर्च’ संपतो.

३.७३ चे गियर टाकू का?

हे डिफरन्शियलमधले गियर. २०१५-१७ च्या साध्या मॅन्युअल जीटीला ३.३१ चा रेशो येतो. ३.७३ केला की प्रत्येक गियरमध्ये चाकाला पावणेतेरा टक्के जास्त टॉर्क मिळतो. डायनोवर शून्य वाढ, रस्त्यावर लगेच जाणवते. बदल्यात सहाव्या गियरमध्ये सत्तर मैलांना साडेअठराशेच्या आसपास असणारे आरपीएम एकवीसशेवर जातात आणि दुसरा गियर सत्तरऐवजी बासष्टच्या जवळ संपतो. मजुरीसकट हजार-बाराशे डॉलर. हे काम ज्याने आधी पुष्कळ केलंय अशाच मेकॅनिककडे द्या. रिंग-पिनियनचं अंतर चुकलं की डिफरन्शियल आयुष्यभर रडतं. माझा रोजचा रस्ता फ्रीवेचा आहे, मी ३.३१ ठेवला. शहरात फिरणाऱ्याने जरूर विचार करावा.

सुपरचार्जर?

हे पान बेताच्या खर्चाचं आहे. किटच आठ हजारांच्या पुढे.

वॉरंटी जाते का?

आपोआप नाही. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे; बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणावर कंपनी सगळी वॉरंटी रद्द करू शकत नाही. बिघाड त्या पार्टमुळे झाला हे दाखवावं लागतं. पण ट्यून केलेल्या इंजिनचा पिस्टन फुटला तर ते दाखवणं त्यांना अवघड नाही, आणि मूळ फाइल परत टाकली तरी फ्लॅश केल्याची, म्हणजे फाइल बदलल्याची, खूण संगणकात राहते. इंजिनची वॉरंटी पाच वर्षं किंवा साठ हजार मैल असते. नवी गाडी असेल तर ट्यून तोवर थांबवा. टायर, स्प्रिंग, कंस यांना कोण काय म्हणणार?

मिशिगनमध्ये तपासणीच नाही, मग कॅटालिटिक कन्व्हर्टर काढला तर कुणाला कळणार?

मिशिगनमध्ये गाडीची ठराविक तपासणी नाही हे खरं. पण प्रदूषणाची यंत्रणा काढणं केंद्राच्या क्लीन एअर अॅक्टखाली बेकायदा आहे, राज्य तपासो वा न तपासो. कॅलिफोर्नियात तर पार्टवर कार्बचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ई.ओ. म्हणजे मंजुरीचा क्रमांक नसेल तर स्मॉग चेकला अडकाल, आणि जुलै २०२१ पासून तिथे संगणकातलं सॉफ्टवेअर मूळचं किंवा मंजूर आहे का हेही बघतात. कायदा बाजूला ठेवला तरी रोज त्या वासात बसून ऑफिसला जाणं, वर मागच्या सीटवर मुलाची कार सीट. नको.

विमा कंपनीला सांगायचं का?

सांगायचं. मिशिगनमध्ये विमा आधीच खिसा कापतो, म्हणून लोक गप्प बसतात. टायर-पॅड ही देखभाल, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ट्यून किंवा इंजिनचे पार्ट लपवले तर दावा करायच्या वेळी नको तो फोन येतो. माझा हप्ता वाढला नाही.

हे सगळं घरी जमेल का? आपण तर कीबोर्ड बडवणारे.

मीही तोच. एक बरा फ्लोअर जॅक, चार जॅक स्टँड, टॉर्क रेंच, १/२ इंची सॉकेटचा सेट; एवढ्यात वरची ट्यूनपर्यंतची सगळी कामं होतात, फक्त टायर रिमवर चढवणं, अलाइनमेंट आणि गियर सोडून. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. स्टँड लावल्यावर गाडीला खांद्याने जोरात धक्का द्या. हलली तर पुन्हा लावा.

पुण्यात मित्राकडे मस्टँग आहे. त्याला यातलं काय करता येईल?

भारतात मस्टँग जुलै २०१६ मध्ये आली, दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाखांना, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, पाच लिटरचीच पण ऑटोमॅटिक आणि ताकदीने थोडी उतरवलेली. म्हणजे क्लच-गियरचं सगळं पुराण त्याला लागू नाही. टायर, ब्रेकचं तेल, अलाइनमेंट, मागचे लॉकआउट हे करता येईल. इंजिन, एक्झॉस्ट किंवा बॉडीत फेरफार करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. आणि स्पीडब्रेकर बघता गाडी खाली घेण्याचा विषयही काढू नये. मिळेल तिथे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरावं, बस.

एकूण खर्च किती झाला, आणि विकताना काही परत येतं का?

चाकं ६००, समर टायर ९८०, नट ४५, पॅड आणि तेल १९०, क्लचची स्प्रिंग ४०, गियरचा कंस १३०, लॉकआउट ११०, अलाइनमेंट १३०. झाले २,२२५. विंटर टायर धरले तर २,८६५. वर ट्यूनचे ५५०. विकताना यातलं जवळपास काही परत येत नाही. सुधारलेल्या गाडीपेक्षा मूळ गाडीला गिऱ्हाईक जास्त. म्हणून काढलेला प्रत्येक पार्ट झिपलॉक पिशवीत, वर मार्करने नाव लिहून, बेसमेंटमध्ये ठेवलाय. फक्त क्लचची ती मूळ स्प्रिंग नाही. ती अजून डॅशबोर्डच्या आतच आहे, खड्ड्यातून गेलं की टिणटिणते.

आई-बाबा आले की त्यांना या गाडीत बसवतोस का?

आई एकदाच बसली. दोन दारांची गाडी, उतरताना मला दोन्ही हात धरून ओढावं लागलं. नंतर तिने बायकोची व्हॅन सोडली नाही. बाबांनी मात्र पंचवीस वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवली, स्टिअरिंगच्या कांड्यावरचा गियर, त्यातही शेवटची काही वर्षं रिव्हर्स लागलाय का ते गाडी हलल्यावरच कळायचं. ड्राइव्हवेमध्ये, इंजिन बंद असताना, ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. क्लच दाबला, सोडला. पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा. म्हणाले, “हा लागलेला कळतो.” मग विचारलं, हे कंपनीतूनच असं आलं का. मी एकशे तीस आणि चाळीस डॉलरचा हिशोब सांगितला. त्यांनी मनातल्या मनात रुपये केले आणि गप्पच बसले.